पळस्पे ते कोलाड : पाट्या काय सांगतात, आपण काय समजतो

मुंबई-गोवा महामार्गाचा पनवेल ते इंदापूर हा पहिला ८४ किलोमीटरचा टप्पा २०११ पासून रुंद होतो आहे. एवढ्या वर्षांत वडखळला बायपास निघाला, जागोजागी पूल उभे राहिले, सर्व्हिस रोड आले, रोजचे फाटे पुलाखाली गेले. रस्ता असा सतत बदलत असताना त्याच्या कडेच्या पाट्या मात्र त्याच वेगाने बदलल्या नाहीत. पेण, नागोठणे, कोलाडच्या नाक्यांवर बाहेरगावची गाडी थांबवून रस्ता विचारणारे लोक अजूनही दिसतात, ते त्यामुळेच.

खड्ड्यांबद्दल आपण बोलतो, बोललंच पाहिजे. पाटीबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही, कारण ती चुकली तर फार तर दोन-चार किलोमीटरचा फेरा पडेल असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात पाटीच नसेल तर माणूस वेग कमी करतो, काच खाली करून विचारतो. पाटी असेल तर तो तिच्यावर विश्वास ठेवून त्याच वेगात पुढे जातो. म्हणून जुनी, चुकीची पाटी ही नसलेल्या पाटीपेक्षा जास्त धोक्याची. तिच्याभोवती आपणही बरेच गैरसमज जपले आहेत.

गैरसमज : हा एनएच-१७ आहे.

बोलण्यात, दुकानांच्या पत्त्यांत, लग्नपत्रिकांत हा रस्ता अजून ‘एनएच सतरा’च आहे. पण केंद्र सरकारने देशभरच्या राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक २०१० मध्येच नव्याने ठरवले. तेव्हापासून हा महामार्ग ६६ क्रमांकाचा आहे आणि पनवेलहून थेट कन्याकुमारीपर्यंत जातो. पूर्वीचा १७ कोचीजवळच्या एडापल्लीला संपत असे. आज १७ हा आकडा पश्चिम बंगालमधल्या सेवोकहून गुवाहाटीकडे जाणाऱ्या रस्त्याचा आहे. तीच गत पळस्पे फाट्यावर या महामार्गाला भेटणाऱ्या पुणे रस्त्याची : लोक त्याला एनएच-४ म्हणतात, पण तो आता ४८ आहे आणि ४ हा क्रमांक अंदमानात गेला आहे.

हे क्रमांक मनाला येतील तसे दिलेले नाहीत. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या महामार्गांना सम आकडे, आणि ते पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जातात. म्हणून पश्चिम किनाऱ्याच्या वाट्याला ६६ सारखा मोठा आकडा आला. पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम आकडे, उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढणारे. तीन आकडी क्रमांक म्हणजे शाखा : शेवटचे दोन आकडे मूळ महामार्गाचे. वडखळहून अलिबागला जाणारा रस्ता १६६-अ, म्हणजे ६६ ची शाखा. वाकणहून पाली आणि खोपोलीकडे जाणारा ५४८-अ, म्हणजे ४८ च्या कुळातला. वाकण फाट्यावर ही पाटी वाचणाऱ्याला इतकं कळलं, तरी हा रस्ता आपल्याला गोव्याकडे नव्हे तर पुणे महामार्गाच्या दिशेला नेणार, हे नकाशा न उघडता समजतं.

एवढी उपयोगी पद्धत जुन्या क्रमांकाची एक पाटी उभी राहिली तरी निकामी होते. आधी १७ आणि थोड्या अंतरावर ६६ दिसलं, की नवखा चालक आपण दुसऱ्याच रस्त्याला लागलो असं समजतो. अपघाताची खबर देताना कुणी १७ म्हणतं, कुणी ६६, आणि ऐकणारा या भागातला नसेल तर घोटाळा होतो.

गैरसमज : महामार्ग रोह्यावरून जातो.

कोकण रेल्वेची हद्द रोह्यापासून सुरू होते आणि गाडीने गावी जाणाऱ्यांच्या डोक्यात ‘पेण, रोहा, माणगाव’ हा क्रम पक्का बसलेला असतो. महामार्गाचा क्रम मात्र पेण, वडखळ, नागोठणे, सुकेळी खिंड, खांब, कोलाड असा आहे. रोहा त्याच्या पश्चिमेला, कोलाडपासून दहा-बारा किलोमीटर आत, कुंडलिकेच्या काठी आहे. तिथे जाण्याच्या रुळलेल्या वाटा दोन : नागोठण्याहून भिसे खिंडीतून, किंवा कोलाडहून धाटावच्या औद्योगिक वसाहतीवरून. दोन्हीकडे ‘रोहा’ अशी पाटी असणं बरोबरच आहे. पण पुढेही एक वाट आहे हे न सांगितल्यामुळे, नागोठण्याचा फाटा चुकला की लोक घाबरून गाडी वळवायला जागा शोधतात. अवजड माल घेऊन धाटावला निघालेल्या चालकाने खिंडीच्या वाटेला न लागता कोलाडवरून जाणंच सोयीचं. ‘अवजड वाहनांनी कोलाडमार्गे जावे’ एवढी एक ओळ नागोठण्याच्या अलीकडे असेल, तर पुढचं सगळं टळेल.

फाटा चुकल्यावर दुभाजकाच्या कडेने थोडंसं उलटं आलं तर चालतं, हाही असाच एक रूढ समज. मोटार वाहन कायद्यात २०१९ ला झालेल्या दुरुस्तीनुसार वाहतुकीच्या उलट दिशेने गाडी चालवणं धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये मोडतं. चूक पाटीची असली तरी पावती चालकाच्याच नावावर फाटते. म्हणूनच पाटी वेळेवर दिसणं महत्त्वाचं. भारतीय रस्ते महासभेची, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसची, पाट्यांची संहिता आयआरसी-६७ म्हणून ओळखली जाते. मोठ्या फाट्यावर काय हवं हे ती सांगते : फाट्याच्या बरंच अलीकडे पूर्वसूचना देणारी पाटी, प्रत्यक्ष फाट्यावर बाणाची पाटी, आणि फाटा ओलांडल्यावर ‘तुम्ही बरोबर रस्त्यावर आहात’ अशी खात्री देणारी, पुढच्या गावांची अंतरं लिहिलेली पाटी. काम चालू असलेल्या रस्त्यावर सर्वांत आधी दुर्लक्ष होतं ते या तिसऱ्या पाटीकडे. बायपासवरून उतरल्यावर ‘हाच का गोव्याचा रस्ता?’ हा प्रश्न ज्यांना पडला आहे, त्यांना तिची किंमत वेगळी सांगायला नको.

गैरसमज : किलोमीटरच्या दगडावरचा आकडा मुंबईपासून मोजलेला असतो.

या महामार्गाचा शून्य किलोमीटर मुंबईत नाही, पनवेलजवळ आहे. म्हणून इंदापूर ८४ वर येतं. दगडावर गावाच्या नावापुढे असतं ते त्या गावापर्यंतचं अंतर. रस्त्याचा स्वतःचा किलोमीटर क्रमांक हा वेगळा आकडा. पिवळ्या माथ्याचा दगड राष्ट्रीय महामार्गाचा, हिरव्या माथ्याचा राज्य महामार्गाचा, नारिंगी माथ्याचा ग्रामसडक योजनेतल्या रस्त्याचा. मधल्या छोट्या दगडांवर २, ४, ६, ८ असे आकडे दिसतात, त्यांचा अर्थ फार थोड्यांना माहीत असतो. ते दर दोनशे मीटरवर बसवलेले असतात : ६ म्हणजे मागच्या किलोमीटरपासून सहाशे मीटर. रात्री गाडी बंद पडली, आजूबाजूला घर नाही, दुकान नाही, अशा वेळी मदत मागवताना हे दोन आकडे फार कामी येतात.

बायपास झाल्यावर खरी अंतरं बदलतात. जुन्या रस्त्याच्या कडेचा दगड मात्र जुनंच अंतर सांगत राहतो.

गैरसमज : गावाचं नाव आहे ना पाटीवर, मग झालं.

अष्टविनायकाला निघालेले भाविक पालीचा बल्लाळेश्वर आणि खोपोलीजवळच्या महडचा वरदविनायक एकाच फेरीत करतात. याच जिल्ह्यात सावित्रीकाठी, चवदार तळ्याचं महाडही आहे. देवनागरीत एका कान्याचा फरक आहे, रोमन लिपीत दोन्ही नावं एकसारखीच लिहिली जातात. वाकणहून वरदविनायक खोपोलीच्या बाजूला आहे आणि महाड शहर गोव्याच्या बाजूला, म्हणजे अगदी वेगळ्या दिशांना. परप्रांतातून आलेला चालक रोमन अक्षरंच वाचणार, त्याने काय करायचं? पालीचं तसंच. वाकण फाट्यावरून आत जाते ती सुधागडची पाली. याच ६६ क्रमांकाच्या महामार्गावर पुढे रत्नागिरी तालुक्यात दुसरी पाली आहे. इंदापूर तर माणगाव तालुक्यातलंही आहे आणि पुणे-सोलापूर रस्त्यावरचंही. अशा ठिकाणी ‘पाली (सुधागड)’, ‘महड – वरदविनायक’ असं पूर्ण लिहिणं हाच उपाय आहे, आणि त्याला फारसा खर्च नाही. शिवाय एकाच गावाचं रोमन स्पेलिंग दर पाटीवर बदलता कामा नये. वडखळ, नागोठणे, रोहा ही तिन्ही नावं रोमनमध्ये निरनिराळी लिहिलेली आढळतात.

गैरसमज : पाट्या म्हणजे सूचना, पाळल्या तर बरं.

आकारच वेगळं सांगतो. गोल पाटी म्हणजे आदेश, तो मोडणं गुन्हा. त्रिकोणी म्हणजे इशारा. चौकोनी म्हणजे माहिती. अष्टकोनी ‘थांबा’ आणि उलट्या त्रिकोणातली ‘रस्ता द्या’ या दोन पाट्या आकाराने वेगळ्या आहेत, पण त्याही आदेशच.

वेगाच्या पाटीबद्दल जास्त गोंधळ आहे. दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर कारला ताशी १०० किलोमीटर ही कमाल मर्यादा केंद्राने २०१८ मध्ये ठरवली. ती कमाल आहे. जिथे पाटीवर कमी आकडा आहे तिथे तोच लागू. दुचाकी आणि मालवाहू गाड्यांना चौपदरीवरही ८० च. वेगावर स्थानिक बंधन घालायचं तर कायद्याच्या कलम ११२ नुसार राजपत्रात अधिसूचना हवी आणि रस्त्यावर योग्य पाटीही हवी. म्हणजे कुणीही पत्र्यावर आकडा रंगवून खांबाला टांगला तर ती कायदेशीर वेगमर्यादा होत नाही. तरीही ती दिसली तर वेग कमीच करा. बहुतेक वेळा जवळपास शाळा असते किंवा खणलेला रस्ता, म्हणूनच कुणीतरी ती लावलेली असते.

आणखी एक खूण इथे सांगायलाच हवी, कारण अर्धवट पुलांच्या आणि दुभाजकांच्या तोंडाशी तिच्यावर जीव अवलंबून असतो : काळ्या-पिवळ्या तिरक्या पट्ट्यांचा उभा फलक. अनेकांना ते नुसतं ‘सावधान’ वाटतं. त्या पट्ट्या ज्या बाजूला खाली उतरतात, त्या बाजूने गाडी काढायची असते. असा फलक उलटा बसवला तर तो गाडी सरळ अडथळ्यावर घालतो.

गैरसमज : ‘काम चालू’ ही पाटी कायमचीच, तिच्याकडे बघायचं काय?

हा समज मुद्दाम कुणी पसरवलेला नाही, रस्त्यानेच तो आपल्याला शिकवला. काम संपल्यावरही ‘काम चालू, सावकाश चालवा’ महिनोन्महिने तशीच राहते, वळणरस्ता बंद झाल्यावरही बाण तिकडेच दाखवत राहतो. दहा वेळा खोटी ठरलेली पाटी अकराव्यांदा खरी असते, आणि तोवर चालकाने तिच्याकडे बघणं सोडलेलं असतं. कामाच्या जागेवरच्या वाहतुकीसाठी आयआरसीची स्वतंत्र मार्गदर्शिका आहे, एसपी-५५. तिच्याप्रमाणे कामाच्या जागेचे चार भाग धरायचे : आधी इशारा देणारा पट्टा, मग गाड्यांना हळूहळू दुसऱ्या लेनमध्ये नेणारा भाग, मग प्रत्यक्ष काम, आणि शेवटी पुन्हा मूळ लेनमध्ये आणणारा भाग. काम पुढे सरकलं की पाट्याही सरकायला हव्यात, संपलं की निघायला हव्यात. डायव्हर्जनच्या तोंडाशी चुना मारलेले चार दगड आणि एक पिंप ठेवून हे भागत नाही, पावसाळ्याच्या रात्री तर मुळीच नाही.

रात्रीचा मुद्दा वेगळा आहे. दिवसा ठसठशीत दिसणारी पाटी रात्री मेलेली असू शकते, कारण रात्री आपल्याला पाटीवरचा रंग दिसत नाही, हेडलाइटचा प्रकाश परत फेकणारा पातळ थर दिसतो. या थराला प्रतीप्रमाणे साधारण सात ते दहा वर्षांची हमी असते. उन्हाने, धुळीने आणि कोकणच्या पावसाने तो निकामी होतो. त्यामुळे पाट्यांची पाहणी अंधारात, चालत्या गाडीतूनच व्हायला हवी. दिवसा काढलेला फोटो याबाबत काहीच सिद्ध करत नाही.

गैरसमज : बॅनर लावायला पाटीचा खांब चालतो.

गणपतीत चाकरमान्यांच्या स्वागताचे फलक पेणपासून पुढे सगळीकडे लागतात. त्यामागचा जिव्हाळा खराच आहे. पण नेमक्या त्याच दिवसांत, वर्षातली सर्वांत जास्त गाड्यांची गर्दी असताना, पाटी झाकली जाते. कलम ११६ प्रमाणे वाहतुकीची पाटी झाकणारा, तिच्यासारखा दिसून फसवणारा किंवा चालकाचं लक्ष वेधून घेणारा फलक काढण्याचा अधिकार राज्य सरकार पोलिसांना देऊ शकतं. पाटी जाणूनबुजून काढणं, बदलणं, विद्रूप करणं यालाही याच कलमाने मनाई आहे. मंडळांनी आपला बॅनर दहा पावलं बाजूला लावला तरी स्वागत तेवढंच होईल.

गैरसमज : याची जबाबदारी कुणाचीच नाही.

आहे, आणि ठरलेली आहे. पनवेल ते इंदापूर हा टप्पा भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे आहे, इंदापूरच्या पुढे काम सार्वजनिक बांधकाम विभागाच्या राष्ट्रीय महामार्ग शाखेकडे. म्हणजे पेण, नागोठणे, कोलाडची तक्रार प्राधिकरणाकडेच करायची. २०१९ च्या दुरुस्तीत आलेलं कलम १९८-अ सांगतं की रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या सुरक्षा निकषांप्रमाणे न केल्याने कुणाचा मृत्यू झाला किंवा अपंगत्व आलं, तर संबंधित यंत्रणा, ठेकेदार, सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. एका जिवाच्या मानाने ही रक्कम अपमानास्पद वाटावी इतकी लहान आहे. पण पाटी हा रस्त्याच्या सुरक्षेचाच भाग आहे, हे सांगायला कायद्याचा आधार तरी मिळतो.

प्राधिकरणाची मदतवाहिनी १०३३ आहे, आणि ‘राजमार्गयात्रा’ या ॲपवर फोटो जोडून तक्रार देता येते. ‘पेणजवळची पाटी चुकीची आहे’ असं सांगितलं तर कुणाला काही सापडणार नाही. किलोमीटर क्रमांक, जवळच्या छोट्या दगडावरचा आकडा, गाडी मुंबईकडे चालली होती की गोव्याकडे, पाटीवर काय लिहिलं आहे आणि काय असायला हवं, एवढं सांगा. पाटी रात्री दिसत नसेल तर फोटो रात्रीचाच द्या, गाडी बाजूला उभी करून. तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा आणि ग्रामपंचायतीकडून किंवा नगरपालिकेकडून तोच क्रमांक घालून पत्र जाऊ द्या. गणपतीच्या महिनाभर आधी हे झालं, तर दुरुस्तीला वेळ मिळतो.