महिरपी कंस रिकामा का येतो?

पीएचपीमध्ये ग्राहकाची नोंद ठेवणारा ऑब्जेक्ट तयार केला. नाव, ईमेल, फोन, पासवर्डचा हॅश, सगळं भरलं. तपासायला छापून पाहिलं तर माहिती जागच्या जागी. मोबाइल अ‍ॅपकडे पाठवण्यासाठी त्याचं जेसनमध्ये रूपांतर केलं, की हाती येतो नुसता महिरपी कंस. आत काहीच नाही. चूक झाल्याची सूचनाही नाही. नवशिक्यांचे तासन् तास यात जातात.

कारण आहे ‘प्रायव्हेट’ या शब्दात. 2004 साली आलेल्या पीएचपी 5 पासून एखादा गुणधर्म फक्त त्याच्या क्लासमधल्या कोडलाच वापरता येईल, असं बंधन घालता येतं. ‘जेसन एन्कोड’ हे फंक्शन ते बंधन पाळतं आणि फक्त ‘पब्लिक’ गुणधर्म उचलतं. सगळेच प्रायव्हेट असले तर उचलायला काही उरत नाही.

आणि हे योग्यच आहे. जेसनमध्ये मजकूर, संख्या, खरं-खोटं, ‘नल’, यादी आणि नावानिशी मांडलेल्या किमती एवढंच मावतं. ‘हे खासगी आहे’ असं सांगायची सोयच त्यात नाही. एकदा ब्राउझरकडे पाठवलेली माहिती तो वापरणारं कुणीही नेटवर्क टॅब उघडून वाचू शकतं.

म्हणूनच वैतागून सगळे गुणधर्म पब्लिक करून टाकणं मला घातक वाटतं. नावाबरोबर पासवर्डचा हॅशही बाहेर पडतो. खरा उपाय 2012 मध्ये, पीएचपी 5.4 बरोबर आला. क्लासला ‘जेसन-सीरियलायझेबल’ हा इंटरफेस लावायचा आणि ‘जेसन-सीरियलाइझ’ ही मेथड लिहायची. एन्कोड करताना हीच मेथड बोलावली जाते आणि ती जे परत देईल तेच जेसनमध्ये उतरतं. नाव द्यायचं, फोनचे शेवटचे चारच आकडे द्यायचे, हॅश मुळीच द्यायचा नाही, हे सगळं क्लासच्या आतच ठरतं.

जावास्क्रिप्टमध्येही ‘#’ लावलेले खासगी गुणधर्म जेसन बनवणाऱ्या ‘स्ट्रिंगिफाय’ला दिसत नाहीत; तिथे ‘टू-जेसन’ मेथड लिहावी लागते.

पीएचपीच्या या उपायात एक धोका मात्र उरतो. ऑब्जेक्टमधले सगळे गुणधर्म एका झटक्यात काढून देणारं फंक्शन पीएचपीत आहे, आणि ‘जेसन-सीरियलाइझ’ मेथडच्या आतून वापरलं की ते खासगी गुणधर्मही देतं. एका ओळीत काम होतं खरं, पण उद्या सहकाऱ्याने त्या क्लासमध्ये आधार क्रमांक वाढवला, तर तोही कुणाला न विचारता बाहेर जाईल. तेव्हा पाठवायच्या गुणधर्मांची नावं त्या मेथडमध्ये एकेक करून हातानेच लिहा.