थंडीत वाजणारे टॅपेट

डिसेंबर-जानेवारीत नांदेड जिल्ह्यातल्या इस्लापूर-किनवट भागात पहाटे जुनी गाडी चालू केली की इंजिनाच्या वरच्या अंगाला टिकटिक ऐकू येते. मेकॅनिक सांगतो, टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलणारे भाग) वाजताहेत. मारुती 800 किंवा अँबेसेडर असेल तर फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) लावून स्क्रूने टॅपेटची गॅप बसवावी लागते. नुसतं ऑइल बदलून भागत नाही. स्विफ्ट डिझेलच्या 1.3 लिटर इंजिनात मात्र ऑइलच्या दाबावर चालणारे हायड्रॉलिक टॅपेट आहेत. उभ्या गाडीत त्यांतलं ऑइल ओघळतं आणि पंपाने ते परत भरेपर्यंत आवाज येतो. काही सेकंदांत थांबला तर चिंता नाही. उगाच रेस करू नका. आवाज थांबलाच नाही, तर सपाट जागी डिपस्टिक पाहा, फिल्टर बदलून मॅन्युअलमधल्या ग्रेडचं नवं ऑइल भरा. ऑइलमध्ये घालायची बाटलीतली महागडी औषधं नंतर. ऑइलचा लाल दिवा विझला नाही, तर इंजिन तिथंच बंद करा.