लिंबची बारा मोटांची विहीर आणि गावोगावची जलस्मारके

ऐतिहासिक स्थळे म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले, लेणी आणि राजवाडे उभे राहतात. तेथे लढाया झाल्या, दरबार भरले, म्हणून त्यांची वर्णने ग्रंथांत आली. परंतु ज्या जमिनीच्या उत्पन्नावर ते किल्ले व दरबार चालले, त्या जमिनीस पाणी देणाऱ्या बांधकामांकडे इतिहासाच्या दृष्टीने पाहण्याची सवय खुद्द शेतकरीवर्गासही फारशी लागलेली नाही. जुनी विहीर, बारव, बंधारा, पाट या आपल्या लेखी केवळ सोयीच्या वस्तू. सोय संपली की त्यांची अडगळ झाली. ही समजूत चुकीची आहे आणि ती गावांस महाग पडत आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते विशद करण्यासाठी सातारा जिल्ह्यातील लिंब या गावची विहीर आम्ही उदाहरणादाखल घेत आहो.

विहिरीची हकीकत

पुण्याहून महामार्गाने साताऱ्यास जाताना साताऱ्याच्या अलीकडे लिंब फाटा लागतो. तेथून आत कृष्णाकाठच्या सुपीक पट्ट्यात हे गाव आहे. विहीर ज्या भागात आहे त्यास शेरी म्हणतात. सरकारने आपल्याकडे राखून स्वतःच्या खर्चाने कसविलेल्या जमिनीस पूर्वी शेरी म्हणत, हे जुन्या दप्तराशी परिचय असलेल्या वाचकांस सांगावयास नकोच. एवढ्या एका शब्दावरूनही या स्थळाचे मूळ शेतीत आहे हे ध्यानात येते.

विहिरीवरील शिलालेखाप्रमाणे तिचे काम शके १६४१ ते १६४६, म्हणजे इ. स. १७१९ ते १७२४ या काळात झाले व ते विरूबाई भोसले यांनी करविले. या बाई छत्रपती शाहू महाराजांच्या परिवारातील असून महाराजांच्या घरात त्यांचा अधिकार मोठा होता. त्या १७४० मध्ये वारल्या. काळाचा विचार केल्यास या बांधकामाचे महत्त्व अधिक पटते. औरंगजेबाचा मृत्यू १७०७ मध्ये झाला व १७०८ मध्ये शाहू महाराजांस साताऱ्यास राज्याभिषेक झाला. पाव शतकाहून अधिक काळ चाललेल्या युद्धाने मुलूख उजाड झाला होता. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा घेऊन परतले, आणि त्याच वर्षी लिंब येथे विहिरीचे काम सुरू झाले. सनदांचा उल्लेख इतिहासाच्या प्रत्येक पुस्तकात सापडतो, विहिरीचा क्वचितच. वास्तविक राज्य स्थिर झाल्याची ही दोन्ही चिन्हे एकाच वर्षाची आहेत.

विहीर काळ्या पाषाणात बांधलेली, अष्टकोनी आकाराची आहे. तिची खोली सुमारे ११० फूट व व्यास सुमारे ५० फूट सांगतात. मुख्य विहिरीस दुसरी आयताकार विहीर जोडलेली असून वरून पाहता एकंदर आकार शिवलिंगासारखा दिसतो. पायऱ्यांनी खाली उतरल्यावर दोहोंच्या मध्ये खांबांवर उभारलेला लहानसा महाल लागतो. खांबांवर व भिंतींवर देवता, हत्ती, घोडेस्वार, सिंह-शरभ यांची शिल्पे आहेत. सभोवतालच्या मोठ्या आमराईस पाणी देण्यासाठी ही विहीर बांधली, असे गावात परंपरेने सांगतात.

शेतकऱ्याच्या नजरेने

येणारे प्रवासी बहुधा महाल पाहून व त्याची छायाचित्रे घेऊन परततात. त्यात वावगे काही नाही. पण शेतकऱ्याची दृष्टी प्रथम वर, विहिरीच्या काठाकडे गेली पाहिजे. मोटा बसविण्याच्या दगडी जागा तेथे आहेत. नाव बारा मोटांचे असले तरी अशा जागा पंधरा मोजल्या जातात. ही विहीर हे पाणी उपसण्याचे यंत्र होते व महाल हा त्या यंत्राचा एक भाग, हे काठ पाहिल्यावरच कळते.

ज्या तरुण वाचकांनी मोट चालताना पाहिली नाही, त्यांच्यासाठी तिची रीत थोडक्यात सांगतो. मोट म्हणजे कातड्याची मोठी पिशवी. तिच्या वरच्या तोंडास जाड नाडा बांधलेला, तो चाकावरून बैलांच्या जुवाकडे जातो. खालच्या बाजूस कातड्याची सोंड असते. तिला सोंदूर हा बारीक दोर बांधलेला. बैल उताराच्या धावेवरून खाली चालू लागले की भरलेली मोट वर येते. सोंदुराने सोंड वर धरलेली असल्याने वाटेत पाणी सांडत नाही. काठावर येताच सोंड थारोळ्यात ओढली जाते व पाणी आपोआप रिते होऊन पाटाने वाफ्याकडे जाते. मग बैल मागल्या पावली धाव चढतात आणि मोट पुन्हा पाण्यात बुडते.

धावेची लांबी ही पाण्याच्या उंचीवर अवलंबून असते. पाणी जेवढे खोल तेवढी धाव लांब. पाणी साठ फुटांवर आहे असे धरले तर बैलांस एका मोटेमागे जाऊन-येऊन एकशे वीस फूट चालावे लागे. शंभर मोटा काढल्या की साडेतीन किलोमीटरांहून अधिक चाल झाली, आणि त्यातली निम्मी मागल्या पावली. एका मोटेस एकच जोडी धरली तरी बारा मोटांस चोवीस बैल लागत. त्यांची वैरण, त्यांस हाकणारे बारा मोटकरी, शेतात दारे धरणारी माणसे, आणि विहिरीभोवती बारा धावांस लागणारी जमीन, एवढा पसारा या एका विहिरीचा होता. हा हिशेब शेतकऱ्यासच सुचणार. म्हणूनच अशा स्मारकाचा अर्थ लावण्याचा पहिला अधिकार व पहिले कर्तव्यही त्याचेच होय.

या कामात साऱ्या गावाचे हात गुंतलेले असत. कातडे कमावणारे ढोर, मोट शिवणारे चांभार, नाडे वळणारे मांग, चाक घडविणारे सुतार व लोखंडी सामान करणारे लोहार यांच्यावाचून विहिरीत पाणी असूनही पिकास ते मिळते ना. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ च्या ‘गावगाडा’ या ग्रंथात ज्या बलुतेपद्धतीचे विवेचन केले आहे, ती पद्धत मोटेच्या एका नाड्यातसुद्धा दिसून येते. तिच्यातील उच्चनीचतेचा अन्याय आपण विसरू नये; परंतु ज्यांच्या हातांनी पाणी वर आले त्यांचे नावही विहिरीच्या हकिकतीतून गाळू नये.

मोट गेली, मर्यादाही गेली

विसाव्या शतकात तेलाची एंजिने व पुढे विजेचे पंप आले. कृष्णेवर वाईच्या वरच्या अंगास धोमचे धरण झाले. आणि मोट मागे पडली. याबद्दल हळहळण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. मोटेचे कष्ट माणसास व बैलास दोघांसही जीव नकोसा करणारे होते. मात्र एक गोष्ट विसरता येत नाही. बैल थकला की उपसा थांबे व रात्रीतून विहीर भरून निघे. पंपास थकवा नाही. भूजलाच्या उपशावर मर्यादा घालण्यासाठी महाराष्ट्रात २००९ चा कायदा करावा लागला; मोटेच्या काळी ती मर्यादा बैलाच्या दमानेच घातली जात होती. जुनी विहीर पाहताना हा धडा डोळ्यांपुढे राहतो.

आता काय करावे

लिंबच्या विहिरीस नाव आहे, तिला पाहावयास माणसे येतात. ज्यांना नाव नाही अशा लहान बारवा व विहिरी पुष्कळ गावांत आहेत. कोठे त्यांत केरकचरा टाकतात, कोठे रस्त्यासाठी त्या बुजवितात, कोठे घडीव दगड उचलून नेतात. बुजलेल्या विहिरीबरोबर पाणी मुरण्याची एक जागाही जाते, हे ध्यानात घ्यावे. याकरिता आमच्या सूचना अशा :

पहिली, नोंद करावी. गावातील प्रत्येक जुन्या विहिरीचे नाव, गट क्रमांक, लांबी-रुंदी, खोली, पायऱ्या, थारोळी व धावांच्या खुणा लिहून काढाव्यात आणि ती यादी ग्रामसभेपुढे ठेवून ग्रामपंचायतीच्या दप्तरी लावावी.

दुसरी, शिलालेखास जपावे. त्यावर तेल, शेंदूर वा रंग लावू नये व तारेच्या ब्रशाने तो घासू नये. सकाळच्या किंवा सायंकाळच्या तिरप्या उन्हात छायाचित्र घेतल्यास अक्षरे स्पष्ट उमटतात. ते राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे पाठवावे.

तिसरी, झाडांकडे लक्ष द्यावे. पिंपळ, वड, उंबर यांची रोपे सांध्यांत लहान असतानाच काढावीत. मूळ जाड झाल्यावर ते उपटू नये, त्याबरोबर चिरा निघून येतो; खोड कापावे व पुढील काम जाणत्याच्या सल्ल्याने करावे.

चौथी, दुरुस्तीस सिमेंट वापरू नये. त्याने ओल आत कोंडली जाते व दगडाची हानी होते. गाळ काढताना यंत्र काठावर चढवू नये; गाळात मूर्ती अथवा घडीव दगड सापडल्यास जागच्या जागी नोंद करून ठेवावेत.

पाचवी सूचना सर्वांत निकडीची आहे. ज्यांनी स्वतः मोट हाकली अशी माणसे आता वृद्ध झाली आहेत. मोटेच्या प्रत्येक भागाचे आपल्या गावचे नाव, सामाईक विहिरीतील पाळ्या वाटण्याची रीत, बैल कसे शिकवीत, मोटेवर गाणी कोणती म्हणत, हे सर्व त्यांस विचारून लिहून घ्यावे. दगड आणखी शंभर वर्षे थांबेल. ही माणसे थांबणार नाहीत.

या कामास मोठा पैसा लागत नाही. शाळेतील मुले, एक मोजपट्टी, एक वही आणि गावातील दोन-चार जाणती माणसे एवढ्यावर ते सुरू होते. येत्या उन्हाळ्यात पाणी खाली गेलेले असताना प्रत्येक सभासदाने आपल्या शिवारातील एका तरी जुन्या विहिरीची अशी नोंद करावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. पूर्वजांनी पाण्यासाठी केलेला खर्च व श्रम वाया गेले नाहीत, एवढे तरी पुढील पिढीस आपल्या दप्तरावरून दिसले पाहिजे.