ग्राउंड रोलचा बंदोबस्त

तेल आणि वायूच्या शोधात जमिनीला स्फोटाने किंवा कंपन-ट्रकने हादरा देतात आणि खोल थरांवरून परतणारे तरंग जिओफोनने टिपतात. पण हादऱ्याची बरीचशी ऊर्जा खाली जातच नाही. मिलर आणि पर्सी यांच्या १९५५च्या गणितानुसार, जमीन एकसंध धरली तर पृष्ठभागावरच्या उभ्या हादऱ्याची सुमारे ६७ टक्के ऊर्जा रॅले तरंगांत जाते. लॉर्ड रॅले यांनी १८८५ साली या तरंगांचे भाकीत केले होते. ते पृष्ठभागालगतच पसरत असल्याने त्यांचा जोर सावकाश ओसरतो. सर्वेक्षणातली मंडळी त्यांना ‘ग्राउंड रोल’ म्हणतात. नोंदीत तो पंख्यासारखा उलगडतो आणि खालून आलेले क्षीण परावर्तन झाकून टाकतो.

पहिला उपाय प्रत्यक्ष सर्वेक्षणाच्या जागेवरच होतो. स्फोटकांसाठी भुसभुशीत थराच्या खालपर्यंत भोक पाडले, तर ग्राउंड रोल मुळातच कमी उठतो. दुसरी युक्ती जिओफोनच्या मांडणीची. सेकंदाला ३०० मीटर वेगाच्या, १० हर्ट्झच्या तरंगाची लांबी ३० मीटर भरते. तेवढ्या अंतरात समान अंतरावर जिओफोन रोवून त्यांचे संकेत एकत्र केले, की शिखरे आणि दऱ्या एकमेकांना खोडतात. परावर्तन जवळजवळ उभे वर येते, सगळ्यांना एकाच वेळी भिडते. त्याची बेरीजच होते. चढउताराच्या जमिनीवर मात्र ही बेरीज परावर्तनालाही धूसर करते.

उरलेले काम संगणकाचे. कमी वारंवारता सरसकट कापणे सोपे, पण महागात पडते. परावर्तनातलाही तोच भाग खोल थरांच्या अभ्यासाला हवा असतो. म्हणून वारंवारता आणि तरंगसंख्या (ठराविक अंतरात किती तरंग बसतात) अशा दोन अक्षांवर नोंद मांडतात. तिथे मंद ग्राउंड रोल वेगळा पडतो आणि तेवढाच छाटता येतो. अट एकच: वरच्या उदाहरणात नोंदींमधले अंतर १५ मीटरपेक्षा कमी हवे. नाहीतर तरंग उलट दिशेने धावल्याचा भास होतो आणि कात्री भलत्याच ठिकाणी चालते. फार धारदार छाटणीने खोटे पट्टेही उमटतात. त्यामुळे अलीकडे नोंदीवरूनच ग्राउंड रोलचे प्रारूप बांधून ते वजा करण्याकडे कल आहे.

हाच त्रासदायक तरंग इमारतींच्या पायासाठी उपयोगी ठरतो. लांब तरंग जास्त खोलीपर्यंत पोहोचतात, म्हणून लांबीनुसार त्यांचा वेग बदलतो. त्या बदलावरून वरच्या थरांचा कठीणपणा काढण्याची, अनेक जिओफोन एकदम वापरणारी पद्धत कॅन्सस भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या संशोधकांनी १९९९ साली मांडली. भूकंपरोधक बांधकामासाठी जमिनीचा वर्ग ठरवताना वरच्या ३० मीटरांतला कातर तरंगांचा सरासरी वेग आता याच पद्धतीने अनेक ठिकाणी मोजतात.