‘माहिती उपलब्ध नाही’ या दुखण्यावर उपाय

आरोग्याच्या सदरात डॉक्टर आज अर्ज आणि अपिलाची गोष्ट घेऊन बसला, याचे काही वाचकांना आश्चर्य वाटेल. पण पावसाळा तोंडावर आला की दवाखान्यात जे पाहायला मिळते, त्याचा या विषयाशी फार जवळचा संबंध आहे. तो अनुभव आधी सांगतो.

दोन वर्षांपूर्वी मृग नुकताच लागला होता. तालुक्यातील एका गावाहून पंधरवड्यात काविळीचे नऊ रुग्ण माझ्याकडे आले. डोळे पिवळे, लघवी गडद, अन्नावर वासना नाही, सारखी मळमळ. त्यात एक सात महिन्यांची गरोदर बाई होती. तिला मी त्याच दिवशी यवतमाळला पाठविले. ती वाचली, बाळ वाचले नाही.

दूषित पाण्यातून पसरणारी कावीळ मुख्यतः दोन प्रकारची असते, ‘ए’ आणि ‘ई’. लहान मुलांत ‘ए’ प्रकार जास्त दिसतो व बहुधा सौम्य असतो. ‘ई’ प्रकारही बहुतेकांत आपोआप बरा होतो, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत तो आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेततो. दोन्हींचे एक वैशिष्ट्य लक्षात ठेवावे. विषाणू पोटात गेल्यावर लगेच आजार दिसत नाही. ‘ए’ला साधारण दोन ते चार आठवडे आणि ‘ई’ला दोनपासून दहा आठवडेही लागतात. म्हणजे आज पिवळे झालेले डोळे महिना-दीड महिन्यापूर्वीच्या पाण्याची साक्ष देतात. आज नळाचे पाणी तपासले आणि ते चांगले निघाले, तरी तेवढ्याने समाधान मानता येत नाही. त्या वेळी पाण्यात टी.सी.एल. पावडर पडत होती काय, ओ.टी. चाचणी रोज होत होती काय, नमुने प्रयोगशाळेत गेले होते काय, हे जुन्या नोंदीच सांगू शकतात. भारतीय मानकाप्रमाणे नळाच्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवा. ओ.टी.चे थेंब टाकल्यावर पाण्याला पिवळी झाक आली तर क्लोरीन आहे, नाही आली तर नाही. इतकी ही चाचणी सोपी आहे.

म्हणून मी माहितीच्या अधिकारात संबंधित कार्यालयाकडे अर्ज केला. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावले आणि तीन गोष्टी मागितल्या. पहिली, मागील तीन महिन्यांच्या पाणी तपासणी अहवालांच्या प्रती. दुसरी, ओ.टी. चाचणीच्या नोंदवहीच्या प्रती. तिसरे म्हणून मी रागाच्या भरात लिहिले, ‘पाणी दूषित का झाले?’

सत्ताविसाव्या दिवशी उत्तर आले. पहिल्या मुद्द्यावर ‘माहिती या कार्यालयात उपलब्ध नाही’, दुसऱ्यावर ‘माहिती विस्तृत स्वरूपाची आहे’ आणि तिसऱ्यावर ‘प्रश्नार्थक माहिती देता येत नाही’. पत्र घडी करून मी टेबलाच्या खणात टाकले. सरकारी काम असेच, म्हणून विषय संपविला.

आठ-दहा दिवसांनी रक्तदाब तपासायला एक निवृत्त कारकून आले. बोलता बोलता मी पत्र दाखविले. ते हसले. म्हणाले, ‘‘एवढ्यावरच थांबले का जी डॉक्टरसाहेब? पहिल्या गोळीनं ताप उतरला नाही तर तुम्ही पेशंट सोडून देता का?’’ मला उत्तर सुचले नाही.

त्यांनी जे समजावून दिले आणि नंतर मी स्वतः कायद्यात वाचले, ते वाचकांसाठी देत आहे.

आपल्या महाराष्ट्रात माहितीच्या अधिकाराचा कायदा केंद्राच्या आधी आला. अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर २००३ मध्ये राज्याच्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पुढे केंद्राचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झाला. त्यानुसार माहिती अधिकाऱ्याने ३० दिवसांत उत्तर द्यावयाचे असते. माहिती कुणाच्या जीविताशी वा स्वातंत्र्याशी संबंधित असेल तर ४८ तासांत. मुदतीत उत्तर आले नाही, तर तो नकारच समजला जातो, आणि उशिरा मिळणारी माहिती मग फुकट द्यावी लागते.

उत्तर पटले नाही किंवा आलेच नाही, तर कलम १९ प्रमाणे पहिले अपील करता येते. ते त्याच विभागातील वरिष्ठ अधिकाऱ्याकडे करावयाचे असते. नकार देणाऱ्या पत्रात नकाराचे कारण, अपिलाची मुदत आणि अपील कुणाकडे करावे, हे लिहिणे माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. अपिलासाठी मुदत ३० दिवसांची. उत्तर हाती पडल्यापासून ते मोजायचे, उत्तर आले नसेल तर ते द्यावयाची मुदत संपल्यापासून. राज्याच्या नियमांप्रमाणे अपिलाला वीस रुपयांचे कोर्ट फी तिकीट लागते. वकील लागत नाही. निर्णय ३० दिवसांत, आणि फार तर लेखी कारणे देऊन ४५ दिवसांत द्यावा लागतो.

माझ्या अपिलात मी रागाचा एकही शब्द घातला नाही. उत्तराचा एकेक मुद्दा घेतला. अहवाल या कार्यालयात नसतील, तर कलम ६(३) प्रमाणे अर्ज पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवायला हवा होता, तो का पाठविला नाही, असे विचारले. माहिती विस्तृत आहे हे नकाराचे कारण कायद्यात दिलेले नाही. प्रती काढणे जड जात असेल तर मी येऊन नोंदवही पाहीन, असे लिहिले, कारण कागदपत्रांची पाहणी हाही कायद्याने दिलेला हक्क आहे. तिसरा मुद्दा मात्र मी सोडून दिला. तिथे चूक माझीच होती. कायद्याने मिळते ती कागदावर असलेली माहिती. ‘का झाले’ याचे स्पष्टीकरण देणे अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही. ‘चौकशी झाली असल्यास तिच्या अहवालाची प्रत द्यावी’ असे मी लिहायला हवे होते.

सुनावणी बराच वेळ चालेल म्हणून दवाखाना बंद ठेवून गेलो. दहा मिनिटांत आटोपली. अपिलीय अधिकाऱ्यांनी नोंदवही मागविली. तपासणी अहवाल दुसऱ्या कार्यालयात होते, तेथून ते आठवड्यात आले. दोन नमुन्यांवर ‘पिण्यास अयोग्य’ असा शेरा होता. ओ.टी.च्या नोंदवहीत मे महिन्यातील एकोणीस दिवसांची पाने कोरी होती. कोरे पान हीदेखील माहितीच असते. त्या प्रती घेऊन गावकरी ग्रामसभेत बसले, तेव्हा प्रश्न टाळायला जागा उरली नाही. नालीतून गेलेल्या पाइपचा फुटका सांधा बदलला गेला आणि पावडर रोज पडू लागली. त्या बाईच्या बाळाला याचा उपयोग नव्हता. पुढच्या पावसाळ्यात त्या गावातून काविळीचा एकही रुग्ण माझ्याकडे आला नाही, एवढे सांगू शकतो.

पहिले अपीलही फेटाळले गेले तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. आपल्या जिल्ह्यासाठी आयोगाचे अमरावती खंडपीठ आहे. तेथे प्रकरणे तुंबलेली असतात, वेळ लागतो. पण आयोगापुढे नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी माहिती अधिकाऱ्यावर असते, अर्जदारावर नाही. सबळ कारणाशिवाय माहिती अडविल्यास दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजार रुपये दंड त्याला होऊ शकतो.

आता एक डॉक्टर म्हणून सांगायचे. गावात किती रुग्ण, कोणत्या तारखांना, कोणत्या वॉर्डात, हे जरूर मागा. रुग्णांची नावे मागू नका. दुसऱ्याचा आजार ही त्याची खाजगी बाब आहे, आणि २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने या बाबतीतले कलम आणखी कडक झाले आहे. मात्र गुप्ततेची ढाल सर्वत्र चालत नाही. २००६ मध्ये माजी मंत्री सुरूपसिंग नाईक यांना सर्वोच्च न्यायालयाने अवमानप्रकरणी एक महिन्याची कैद दिली. त्या काळात ते मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दाखल होते. त्यांची वैद्यकीय कागदपत्रे एका नागरिकाने मागितली. खालच्या पायरीवर नकार मिळाला, राज्य माहिती आयोगाने मात्र ती द्यावयास सांगितले. २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले की, मेडिकल कौन्सिलचे गुप्ततेचे नियम माहितीच्या अधिकाराच्या कायद्यापेक्षा वरचढ ठरत नाहीत. जनहित मोठे असेल तर माहिती देण्याची वाट आजही कलम ८(२) मध्ये आहे.

थोडक्यात ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी अशा :

१) अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा. कागद मागा, कारणे विचारू नका. माहिती कशासाठी हवी, हे सांगण्याचे बंधन नाही.

२) पोच घ्या. उत्तराच्या पाकिटावर मिळाल्याची तारीख लिहून ते जपून ठेवा.

३) तीस दिवस मोजा. अपिलात उत्तराचा प्रत्येक मुद्दा वेगळा घ्या, भाषा सौम्य ठेवा.

४) स्वतःच्या उपचाराचे कागद हवे असतील तर या कायद्याची वाट पाहू नका. रुग्णाने लेखी मागणी केल्यास डॉक्टरने ते ७२ तासांत द्यावेत, असा वैद्यकीय नियम आहे.

आणि माहिती येईपर्यंत पाणी उकळून, गाळून प्या. गरोदर बाईला कावीळ दिसली तर डाग देणे, नाकात औषध टाकणे यात एक दिवसही घालवू नका, थेट मोठ्या रुग्णालयात न्या. अर्जाला तीस दिवस आहेत, तिला तेवढे नसतात.