बिनडोक्याचे जनावर

दिवेलागणीनंतर आगरात जायचे नाही, असा आमच्या मुरुडच्या घरात आजीचा दंडक होता. मुरुड म्हणजे दापोली तालुक्यातले, हर्णैच्या शेजारचे, महर्षी कर्व्यांचे मुरुड, जंजिऱ्याचे नव्हे. हा खुलासा केल्यावाचून मुंबईत आम्हां मुरुडकरांची ओळख पुरी होत नाही. पुढे समुद्र, मागे डोंगर आणि मधल्या अरुंद पट्टीत नारळी-पोफळीची आगरे, असे हे गाव. दिवसा त्या आगरांत आम्हां मुलांचे राज्य असे. रात्री मात्र ते राज्य दुसऱ्या कुणाचे तरी होते.

"त्याला डोके नसते," आजी सांगे. "अंगभर माशासारखी खवले. माणसाची चाहूल लागली की त्याचा चेंडू होतो, आणि गडगडत गडग्यापलीकडे जाते. त्याला हात लावील त्याचा वंश खुंटतो, मेल्यांनो!"

मी तेव्हा अकरा वर्षांचा, मुंबईच्या शाळेत शास्त्र विषयात पहिला येणारा. मी विचारले, "आजी, डोके नाही, तर ते खाते कशाने?"

"तुझ्यासारखे प्रश्न विचारून त्याचे पोट भरत नाही, एवढे मला ठाऊक आहे," आजी म्हणाली, आणि सारी पडवी हसली. आगराचे शिंपणे करणारे म्हातारेबाबा मात्र हसले नाहीत. त्यांनी तंबाखू चोळता चोळता एवढेच म्हटले, "मी बघितलाय त्येला. दोनदा."

मी मनात म्हटले, झाले! भुताला साक्षीदारही मिळाला.

वाचकहो, अशी जनावरे तुमच्याही आजोळी असतील. रात्री एकट्याने रडणारी भालू, मस्तकावर मणी मिरवणारा नाग, गायीच्या पायांना विळखा घालून दूध पिणारी धामण, सहा महिने एका तोंडाने आणि सहा महिने दुसऱ्या तोंडाने चालणारे मांडूळ. कोकणातले एकही घर या प्राणिसंग्रहालयावाचून सुने नाही. आणि हे वेड आपलेच आहे असेही नाही. हिमालयात यती आहे, स्कॉटलंडच्या सरोवरात लांब मानेचा राक्षस आहे. प्रश्न एवढाच की यांतले खरे किती आणि खोटे किती?

मी मराठीचा प्राध्यापक. प्राणिशास्त्राशी माझा संबंध शेजारच्या स्टाफरूमपुरता. पण शब्द पारखण्याची सवय लागलेला माणूस गोष्टीही पारखू लागतो. अशा गोष्टींसाठी मी मनाशी काही चाळण्या ठरवल्या आहेत.

पहिली चाळणी साध्या हिशेबाची. कोणताही प्राणी एकटा असू शकत नाही. त्याला आईबाप हवेत, पिल्ले हवीत, रोजचे खाणे हवे, आणि मेल्यावर त्याची हाडे कुठेतरी सापडायला हवीत. यतीची गोष्ट या चाळणीत अडते. १९६० साली एव्हरेस्टवीर हिलरी यांनी खास मोहीम काढली आणि नेपाळातल्या खुमजुंग गावी जपून ठेवलेले यतीच्या डोक्याचे कातडे तपासायला परदेशी नेले. ते निघाले सेरो नावाच्या बकरीसारख्या डोंगरी जनावराच्या कातड्याचे. पुढे २०१७ साली यतीचे म्हणून सांभाळलेले नऊ अवशेष, हाडे, केस, दात वगैरे, आनुवंशिक तपासणीला गेले. आठ अस्वलांचे ठरले. नववा अवशेष कुत्र्याचा होता!

दुसरी चाळणी लबाडीची. स्कॉटलंडच्या राक्षसाचे १९३४ सालचे जगप्रसिद्ध छायाचित्र म्हणजे खेळण्यातल्या पाणबुडीला बसवलेली लाकडी लगद्याची मान होती, हे साठ वर्षांनी, १९९४ मध्ये उघड झाले. माणसाला फसवायला आवडते, आणि त्याहून अधिक त्याला फसायला आवडते.

या दोन चाळण्यांतून खाली पडल्यावर हातात काय उरते? विद्यार्थीदशेत मी ठणकावून म्हणत असे, काही नाही. तो ठणठणाट बंद पाडला एका घुबडाने.

रानपिंगळा हे आपल्या महाराष्ट्रातले एक छोटेखानी घुबड. शास्त्रज्ञांनी त्याची नोंद केली १८७३ साली. जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने खानदेशात त्याचे नमुने मिळवले, शेवटचा १८८४ साली. त्यानंतर पक्षी जणू हवेत विरला. जगभरच्या संग्रहालयांत मिळून जेमतेम सात नमुने शिल्लक होते. सालिम अलींसारख्यांनी शोध घेतला, पण पत्ता नाही. मध्ये एकच धागा होता. रिचर्ड माइनर्ट्‌झहागन नावाच्या बड्या सेनाधिकाऱ्याने १९१४ साली गुजरातेत, तापीकाठच्या मांडवीला, हा पक्षी मिळवल्याची नोंद होती. लोक त्याच भागात शोधत राहिले.

पामेला रासमुसेन या अमेरिकन विदुषींनी त्या नमुन्याची बारकाईने तपासणी केली, तेव्हा ध्यानात आले की तो डेव्हिडसनच्याच जुन्या नमुन्यांतला, संग्रहालयातून चोरून, नव्याने पेंढा भरून, खोटी चिठ्ठी लावलेला आहे! एका थोर माणसाच्या थापेने पक्षिशास्त्रज्ञांना भलत्याच रानात हिंडवले होते. बाईंनी ती नोंद बाजूला सारली, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना बरोबर घेतले, आणि १९९७ च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळ, तेव्हाच्या धुळे आणि आताच्या नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, सकाळच्या लख्ख उन्हात रानपिंगळा एका बोडक्या झाडावर बसलेला त्यांना दिसला. एकशेतेरा वर्षांनी! पुढे तो मेळघाटात सापडला, आणि २०१४ साली तर मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तानसाच्या रानातही दिसला.

रानपिंगळा लपलेला नव्हता. तो तर दिवसाही हिंडणारा पक्षी. शहाद्याच्या आसपासच्या पाड्यांवरच्या माणसांच्या डोळ्यांपुढून तो त्या एकशेतेरा वर्षांत कधी गेलाच नसेल, असे कसे म्हणावे? त्यांना कुणी विचारले नव्हते, एवढेच. दक्षिण आफ्रिकेच्या समुद्रात १९३८ साली जाळ्यात आलेल्या सीलाकान्थ माशाचेही तेच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी संपलेला मासा जिवंत सापडला म्हणून जग थक्क झाले, आणि मग कळले की कोमोरो बेटांवरचे कोळी त्याला चांगले ओळखतात.

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातले उदाहरण तर याहून विलक्षण. जांभ्या दगडाच्या सड्यांवर कोरलेली प्रचंड चित्रे गावोगाव होती. कुणी त्यांना पांडवांची करणी म्हणे, कुणी त्यांकडे पाहूच नये म्हणे. २०१२ नंतर सुधीर रिसबूड आणि धनंजय मराठे यांनी गुराख्यांना, म्हाताऱ्यांना विचारत ही कातळशिल्पे शोधून काढली. राजापूर तालुक्यातल्या कशेळीला एक हत्ती आहे, सुमारे अठरा मीटर लांबीचा, आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांच्या कितीतरी आकृती. देवूडच्या कातळावर चक्क गेंडा आहे. आज कोकणात गेंडा आहे असे कुणी सांगितले, तर आपण त्याला वेड्यात काढू. पण ज्याने तो कोरला, त्याने तो कुठेतरी पाहिला असलाच पाहिजे. म्हणजे आजची दंतकथा ही कधी काळची ताजी बातमीही असू शकते.

आणि बातमीची दंतकथा व्हायला फार काळ लागत नाही. १८७५ साली मुरुडचा एक मुलगा, पुढे महर्षी कर्वे झालेला, परीक्षेसाठी सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्याला गेला, तेव्हा या डोंगरांत वाघ आहे का असे विचारणाऱ्याला लोक हसले असते. २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला तेव्हा लोक हसलेच, पण उलट कारणाने: वाघावाचून व्याघ्र प्रकल्प! विष्ठा दिसे, पंजाचे ठसे दिसत, वाघ काही दिसेना. अखेर २०१८ च्या मे महिन्यात रानात लावलेल्या कॅमेऱ्याने त्याला टिपले, आणि २०२३ च्या डिसेंबरात तो पुन्हा दिसला. मधल्या काळात आमच्या सह्याद्रीतला वाघ यतीच्याच पंक्तीला बसला होता.

तेव्हा माझी तिसरी चाळणी अशी झाली: सांगणारा कोण आहे? त्याला त्यात काही मिळवायचे आहे काय? आणि त्याचे रोजचे जगणे त्या रानात आहे काय? काळोख माणसाला फसवतो, भीती आकार वाढवते, हे खरेच. तुम्हांआम्हांला जो 'काळा वाघ' वाटतो, तो काळ्या रंगाचा बिबट्याच असतो. तिरप्या उन्हात त्याचे ठिपकेही दिसतात. मांडुळाचे दुसरे तोंड म्हणजे त्याची बोथट शेपटी. पण बिबट्या असतो, मांडूळ असते. गोष्टीचे टरफल काढून टाकावे, आतला दाणा टाकू नये.

आता आजीच्या जनावराकडे येतो. तेवढ्यासाठीच हे सारे लिहायला बसलो.

आजी गेली, म्हातारेबाबाही गेले. मी प्राध्यापक झालो. एका दिवाळीच्या सुटीत मुरुडला असताना रात्री आगराच्या टोकाशी, गडग्यालगतच्या वारुळापाशी, खरवडल्यासारखा आवाज आला. विजेरी घेऊन गेलो. प्रकाशाच्या झोतात हातभर लांबीचे काहीतरी उभे राहिले; खवलेच खवले. क्षणात त्याने डोके पोटाशी घेतले, शेपटी वरून लपेटली, आणि माझ्यापुढे एक चेंडू उरला. डोके नसलेला!

खवले मांजर. नावात मांजर असले तरी मांजराशी त्याचे काही नाते नाही. त्याला दात नसतात. लांब चिकट जिभेने ते मुंग्या आणि वाळवी टिपते. खवले आपल्या नखांच्याच द्रव्याची असतात. मादीला बहुधा एका वेळी एकच पिल्लू होते आणि ते आईच्या शेपटीवर बसून हिंडते. हे सारे मी नंतर वाचले. त्या क्षणी मात्र मला आजीची आणि तंबाखू चोळणाऱ्या त्या म्हाताऱ्याची आठवण झाली. त्यांनी जे पाहिले ते तसेच्या तसे सांगितले होते. हसलो होतो मी, शास्त्रात पहिला येणारा.

मी हात लावला. खवले थंड होती, आणि आत काहीतरी धडधडत होते.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरे होते. पण शोध लागलेला माणूस कधी गप्प बसला आहे? दुसऱ्या दिवशी मी ही हकीकत ओटीवर सांगितली, मग दापोलीच्या बाजारात, मग एका लग्नाच्या पंक्तीत. "आजीच्या भुताचा पत्ता लागला!" असे म्हणून मी हशे मिळवले. दोघातिघांना तर कौतुकाने बीळही दाखवले.

शिमग्याला पुन्हा गेलो तेव्हा ते बीळ पहारीने उकरलेले होते. खोल, रुंद, चांगले पुरुषभर. आत काही नव्हते. कोणी उकरले, मला ठाऊक नाही. आळ कुणावर घेत नाही. एका गृहस्थाने खाली बघत एवढेच सांगितले, "त्या खवल्यांना पैसा येतो म्हणतात, सर."

येतो. खवल्यांत औषधी गुण आहेत या खोट्या समजुतीपायी जगभर या प्राण्याची कत्तल होते. आपल्या १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला पहिल्या परिशिष्टाचे संरक्षण आहे; त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१६ साली पूर्ण बंदी घालण्याचा निर्णय झाला. पण आमच्या गडग्यापाशी कायदा पोचायच्या आधी माझी बढाई पोचली. आजीच्या एका शापाने त्या बिळाची वर्षानुवर्षे राखण केली होती. माझ्या ज्ञानाला ती एक हंगामही करता आली नाही.

म्हणून शाप पुन्हा सुरू करा असे मी म्हणणार नाही. पैशाचा लोभ सुटला की शापही तोकडा पडतो. मांडुळाला तर दंतकथेनेच संकटात घातले आहे. धनलाभ होतो, दुखणी बरी होतात अशा बाजारगप्पांपायी ते मुके जनावर पोत्यांत भरले जाते. पण भीती गेल्यावर तिची जागा रिकामी ठेवून चालत नाही, हे मी शिकलो. चिपळूण तालुक्यातल्या डुगवे गावाने ते माझ्याआधी ओळखले. 'सह्याद्री निसर्ग मित्र' या चिपळूणच्या संस्थेच्या पुढाकाराने २०२० साली तिथल्या गावकऱ्यांनी खवले मांजराचा उत्सव केला आणि त्याची प्रतिकृती पालखीत बसवून मिरवली. जिथे भय होते तिथे त्यांनी आपलेपणा बसवला. आजीला ती पालखी पटली असती.

गेल्या मे महिन्यात माझी लेक पडवीत माझ्याजवळ बसली होती. वीज गेली होती. आगराकडे बोट दाखवून तिने विचारले, "बाबा, तिथे काय आहे?"

मी तिला आजीची गोष्ट सांगितली, खवल्यांची, चेंडूची. वंश खुंटण्याचे वाक्य तेवढे गाळले. "पण त्याला डोके असते," मी म्हटले. "आपल्याला बघून ते लपवते."

"का?"

मी तिला उकरलेल्या बिळाचेही सांगितले. ते कुणी दाखवले होते, तेही. ती बराच वेळ बोलली नाही.

थोड्या वेळाने गडग्याच्या बाजूने काहीतरी खरवडल्यासारखे वाटले. पानगळ असेल, उंदीर असेल. विजेरी माझ्या मांडीवरच होती. लेकीने हळूच ती उचलली आणि आपल्या पाठीमागे ठेवून दिली.