बर्फातून जुनं तापमान कसं काढतात?
पाण्याच्या थोड्या रेणूंत नेहमीच्या ऑक्सिजन-16 ऐवजी जड ऑक्सिजन-18 असतो. ध्रुवाकडे निघालेली वाफ थंड होत जाते, तसं हे जड पाणी आधी गळून पडतं. म्हणून थंडी जितकी कडक, तितका त्या काळच्या हिमात ऑक्सिजन-18 कमी. डेन्मार्कचे विली डान्सगार्ड यांनी 1954 मध्ये हे नातं मांडलं. पुढे 1966 मध्ये ग्रीनलंडच्या कॅम्प सेंच्युरीत बर्फात पाडलेलं छिद्र तळापर्यंत पोहोचलं, तेव्हा तिथल्या बर्फावर त्यांनी ते लावून पाहिलं.

पण हे प्रमाण अंशांत कसं बदलायचं? हिम कोणत्या ऋतूत पडलं, वाफ कुठून आली, यावरही ते हलतं. इथे छिद्रच कामी येतं. जाड बर्फातून उष्णता फार सावकाश सरकते. हिमयुगातला गारवा ग्रीनलंडच्या पोटात अजून शिल्लक आहे. ‘ग्रिप’ प्रकल्पाच्या तीन किलोमीटर खोल छिद्रातलं तापमान मोजून डोर्थे डाल-येन्सेन आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये दाखवलं, की हिमयुगाच्या ऐन कडाक्यात तिथे आजच्यापेक्षा सुमारे 23 अंश सेल्सियस जास्त थंडी होती. ऑक्सिजनवरून आधी बांधलेला अंदाज जवळपास निम्माच होता! एका पुराव्याने दुसऱ्याची अशी झाडाझडती घ्यावी, ही मला या शास्त्राची सगळ्यात मोठी ताकद वाटते.

बर्फ तापमानाबरोबर जुनी हवाही जपून ठेवतो. अंटार्क्टिकातल्या डोम सीचा बर्फ 8 लाख वर्षं मागे नेतो. त्यातल्या हवेच्या बुडबुड्यांत औद्योगिक काळापूर्वी कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत 300 च्या फारसा वर कधीच गेलेला दिसत नाही. आज तो 420 च्या पुढे आहे.